लोंबता किडा

ऐनाच्या झाडावर चढायला लटारूला आता दोन दम लागतात. पहिला खोडाच्या पहिल्या फाट्यापर्यंत, दुसरा तिथून पुढे. वीस वर्षांपूर्वी एकच लागायचा. डावा गुडघा वाकतो, पण भार घेत नाही. म्हणून उजव्या पायाने रेटायचं आणि हातांनी अंग वर ओढायचं. वय बासष्ट. झाडं पंचेचाळीस.

लटारू चिचटोल्याचा ढिवर. तलावात जाळं टाकणं हा घरचा धंदा. पण दरवर्षी गणपती बसले की तो जाळं खुंटीला टांगतो आणि चाळीस-पन्नास दिवस जंगलात कोशाचे किडे राखतो. पुस्तकात त्याला अळी म्हणत असतील, चिचटोल्यात किडाच म्हणतात. हिरवा, अंगठ्याएवढा जाड, ऐनाचं पान खाऊन वाढणारा. पोट भरलं की तो झाडावरच स्वतःभोवती कोंबडीच्या अंड्याएवढं टणक घर विणतो. ते घर म्हणजे कोसा. त्याच्या धाग्याचं कापड लग्नात नेसतात.

हा किडा घरात वाढत नाही. त्याला उघडं झाड लागतं, आणि उघड्या झाडावर त्याला खाणारे पुष्कळ. सकाळी कावळा आणि कोतवाल पक्षी, दुपारी गांधीलमाशी, दिवसभर मुंगळे. एका झाडावर शंभर किडे धरले तर पंचेचाळीस झाडांचे साडेचार हजार. प्रत्येक झाडाखाली दिवसातून तीन फेऱ्या. मान वर, हातात गुलेर, खिशात मातीच्या गोळ्या. झाडाची पानं सरली की किडे दुसऱ्या झाडावर न्यायचे. डहाळी तोडून डहाळीसकट न्यायचे. शक्यतो बोट लावायचं नाही. लावायचंच झालं तर हात राखेने धुऊन.

या कामाचे नियम आहेत. किडे झाडावर असेपर्यंत डोक्याला तेल नाही, बायकोशेजारी निजणं नाही, मासमच्छी नाही. ढिवराने चाळीस दिवस मासोळी सोडायची म्हणजे काय, ते ढिवरालाच ठाऊक. नियम मोडला तर किडे सडतात, असं जुने लोक सांगतात. म्हणून कुणाच्या झाडावर रोग आला की पहिला प्रश्न रोगाचा नसतो. पहिला प्रश्न असतो, खाल्लं काय?

पूर्वी राखणदार जंगलातच झोपडी बांधून राहायचे. चार वर्षांपासून वाघ गावाच्या शिवेपर्यंत येतो. शेजारच्या गावातली दोन माणसं त्याने नेली. तेव्हापासून मुक्काम बंद. सूर्य वर आल्यावर आत, मावळायच्या आधी बाहेर, आणि एकट्याने कुणी जायचं नाही, हे गावाने ठरवलं. चिचटोल्यात कोसा राखणारे आता तिघंच उरलेत. लटारू, सत्तरी ओलांडलेला रामाजी आणि रामाजीचा पुतण्या सुनिल. तिघं एकत्र निघतात. पुढे रामाजी, मध्ये सुनिल, मागे लटारू आपल्या गुडघ्यासकट.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी अवेळी पाऊस पडला. अर्धा दिवस झोडपून गेला. बुधवारी सकाळी लटारू तिसऱ्या झाडाखाली उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं.

एक किडा लोंबत होता. मागच्या पायांनी डहाळी धरलेली, डोकं खाली, अंग भिजलेल्या चिंधीसारखं. तोंडातून तपकिरी पाणी. वास यायला सुरुवात झाली होती.

अठ्ठावीस वर्षांत लटारूने हे तीनदा पाहिलं होतं. एकदा रामाजीच्या थोरल्या भावाची झाडांची सगळी पट्टी आठ दिवसांत अशी लोंबली होती. खाली उभं राहवत नव्हतं, इतका वास. हा रोग पानावरून पसरतो, पाण्याने पसरतो, हाताने पसरतो. लोंबलेला किडा चिमट्याने धरून चुन्याच्या डब्यात टाकायचा, लांब नेऊन पुरायचा, हात राख लावून धुवायचे आणि मगच दुसऱ्या झाडाला हात लावायचा. हे रामाजीचा बाप सांगायचा. सुनिल प्रशिक्षणाला गेला होता, तिथल्या साहेबानेही हेच सांगितलं. जुन्या आणि नव्याचं एवढ्या एका गोष्टीवर तरी जमतं.

चुन्याचा डबा, चिमटा आणि राखेचं मडकं जुन्या, आता सामानापुरत्या उरलेल्या झोपडीत होतं. तिसऱ्या झाडापासून झोपडी तीनशे पावलं. जाताना उतार, येताना चढ, वाट पावसाने निसरडी झालेली. लटारूच्या सकाळच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि गुडघा लोट्यासारखा सुजला होता.

तो गेला नाही.

त्याने किडा बोटांनी ओढून काढला, टाचेने चिखलात दाबला, हात पानाला पुसला, मग पंच्याला पुसला. तिसऱ्या झाडाची पानं सरत आली होती. उरलेले किडे आजच हलवायला हवे होते. डहाळ्या जमल्या तितक्या कोयत्याने तोडल्या. जाड फांद्यांवरचे पन्नासेक किडे बोटांनी सोडवले. किडा सहज सुटत नाही, त्याचे पाय एकेक करून उचलावे लागतात. असे ते किडे त्याने सात झाडांवर वाटून चढवले. अकरा ते चौदा ही चार झाडं मधल्या पट्टीतली होती, पण त्यांवर यंदा आधीच लटारूचे किडे होते आणि ती त्याच्या पंचेचाळिसांतच धरलेली होती. मधली पट्टी म्हणजे लटारू आणि सुनिल यांच्यामधली एकोणीस झाडं. ज्याची पानं आधी सरतील त्याने ती वापरायची, अशी रीत.

काम संपल्यावर तो झाडाला टेकून बसला. तेव्हा त्याला आपला उजवा हात दिसला. बोटांच्या पेरांवर तपकिरी डाग वाळला होता.

आता झोपडीपर्यंत जाऊन हात धुऊन काही उपयोग नव्हता. तरी तो गेला. धुतला.

गुरुवारी काही दिसलं नाही. शुक्रवारी नाही. लटारू प्रत्येक झाडाखाली आता पाच फेऱ्या घालायला लागला. त्याचं जेवण उतरलं. पान हललं तरी त्याला किडा लोंबल्यासारखा वाटे, मग तो जवळ जाऊन बघे, तर वाळकी डहाळी असे. शनिवारी संध्याकाळी त्याला वाटलं, सुटलो. एकच किडा होता, पावसाने गारठून मेला असेल.

रविवारी दुपारी अकराव्या झाडावर दोन लोंबले. बाराव्यावर एक. चौदाव्यावर एक लोंबला नव्हता, पण पान सोडून फांदीवर नुसता पडून होता, आणि दाबल्यावर बोट आत गेलं असतं इतका मऊ झाला होता. चारही किडे त्याच झाडांवर. जिथे बुधवारी हात फिरला तिथेच. रविवारी चुन्याचा डबा कमरेला होता, चिमटाही होता. त्याने चारही डब्यात घातले आणि नाल्याकडे नेऊन पुरले.

परत येताना सुनिलची हाक आली.

"लटारूभाऊ! उद्या सकाळी मी मधल्या पट्टीवर किडे चढवतो गा. माह्या झाडाचे पाने सरले."

"परवा चढव."

"काऊन?"

"पाने ओले हाये."

"पाऊस होऊन पाच दिस झाले, भाऊ. तुमाले ताप तं नाई ना?"

सुनिल हसत आपल्या झाडांकडे वळला. त्याच्याकडे दोन हजार किडे होते, शेवटच्या वाढीतले. या वाढीत किडा जन्मभराचं पाऊण खाणं खातो. एक दिवस उपाशी राहिला तर झाड सोडून खाली उतरू लागतो, आणि खाली उतरलेला किडा मुंगळ्यांचा.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून कौलांवर होतं. लटारू अंगणात बसून राखेने हात धुऊ लागला. बायको वच्छला सुपात तांदूळ पाखडत होती.

"चवथ्यांदा धुऊन राह्यले तुमी," ती म्हणाली. "कातडं काढता का आता?"

त्याने आणखी राख घेतली.

अडतीस वर्षं एका चुलीवर काढली की गप्प बसणंही ऐकू येतं. तिने सूप खाली ठेवलं. "किडे लोंबले का?"

"चार. बुधवारी एक."

"रामाजीभाऊले सांगतलं?"

"नाई."

"सुनिलले?"

"नाई."

"मंग मले काऊन सांगता? मी का झाडावर चढणार?"

"रामाजी काय इचारन, माहीत हाये ना तुले?"

वच्छलाला माहीत होतं. पावसाआधीच्या रविवारी दोघं नदीपलीकडे लेकीच्या, करिश्माच्या घरी नातीच्या बारशाला गेली होती. सोयर फिटलं होतं, त्यामुळे जायला हरकत नव्हती. ताटात वांग्याची भाजी आली. पहिल्या घासातच लटारूला कळलं की भाजीत वाळलेले झिंगे, बारीक कोळंबी, आहेत. विहीण वाढायला समोर उभी होती. त्याने घास थुंकला नाही. नंतरचेही थुंकले नाहीत.

"मंग सांगा, झिंगे खाल्ले म्हणून. तीन घास."

"पाच."

"पाच तं पाच. झिंगा पाण्यात मेला, उन्हात वाळला, इहिणीच्या गंजात शिजला. तो का ऐनावर चढून किड्याच्या कानात सांगन, का मले लटारूनं खाल्लं?"

दुसऱ्या वेळी लटारू हसला असता. "झिंग्याचं नाई," तो म्हणाला. मग त्याने हाताचं सांगितलं. झोपडी किती लांब, वाट कशी, गुडघा कसा, सगळं सांगितलं. सांगताना त्याला ऐकू येत होतं की गुडघ्याचं सांगण्यात जास्त वेळ जातो आहे.

वच्छलाच्या तोंडावरची थट्टा गेली. "म्हंजे हाताचं हाये."

"हाव."

"अन् सुनिल उद्या तिथीच चढवते."

"हाव."

"सांगून टाका मंग."

"सांगतलं तं रामाजी मले आत येऊ देत नाई. नियम मोडला त्यानं जंगलात पाय ठेवायचा नाई. एकटा मी जाऊ शकत नाई. माहे पंचेचाळीस झाडं दोन दिसात कावळे साफ करतीन. वर्षाचं काम हाये वच्छला. नऊ-दहा दिस राह्यले."

"अन् नाई सांगतलं तं?"

लटारू पुन्हा राख घ्यायला वाकला, मग हात मागे घेतला. वच्छला सुपाकडे वळली. तांदूळ पाखडून झाले होते तरी ती पाखडत राहिली.

सोमवारी सकाळी तिघं निघाले. जंगलात शिरतानाच्या बेहड्याच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. रामाजी तिथे रोज फूल ठेवतो आणि मगच पुढे जातो. त्याने फूल ठेवलं. चाळीस दिवस तेल न लागलेले त्याचे केस गवतासारखे उभे होते.

"थांबा जरा," लटारू म्हणाला. "आत जायच्या आधी सांगायचं हाये."

दोघं वळले.

"माह्या झाडावर किडे लोंबले."

रामाजीने गुलेर खाली ठेवली. "कवा?"

"पहिला बुधवारी. काल चार."

"बुधवारी?" सुनिल म्हणाला. "आज सोमवार हाये भाऊ! पाच दिस तुमी आमच्यासंग येऊन राह्यले, आमच्यासंग बसून खाऊन राह्यले, अन्..."

रामाजीने हात वर केला. सुनिल थांबला. रामाजीने लटारूकडे नीट पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला. "खाल्लं काय?"

"झिंगे. पोरीच्या घरी. पाच घास."

"चाळीस दिस नाई राह्यली जीभ," रामाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुह्या बापानं अन् माह्या बापानं या दगडापाशी नारळ फोडून काम सुरू केलं. बासष्ट वर्षाचा घोडा झाला तू."

"काका, झिंग्यानं काही होत नाई," सुनिल म्हणाला. "भाऊ, त्या किड्याले हात लावला होता का?"

"लावला."

"धुतला?"

"नाई. त्याच हातानं सात झाडावर किडे चढवले. अकरा, बारा, तेरा, चौदा अन् माहे तीन."

"डबा कुठी होता?"

"झोपडीत."

"तीनशे पावलं तं हाये झोपडी!"

"तीनशेच हाये," लटारू म्हणाला. "मोजली मी."

सुनिल दोन पावलं बाजूला गेला आणि परत आला. "माह्या झाडावर पान नाई आता. दोन हजार किडे कुठी नेऊ? डोक्यावर बसवू?"

"नाल्यापलीकडे बावीस ऐन हाये," लटारू म्हणाला. "झुडूप वाढलं हाये खाली. ते मी साफ करतो. आताच."

"तू आत येत नाई," रामाजी म्हणाला.

हेच लटारूला बारशापासून आठ दिवस भेडसावत होतं. शब्द ऐकले तेव्हा त्याला वाटलं, आता निदान ऐकायचं उरलं नाही. त्याला आपली झाडं दिसत होती, तिथूनच, पानांच्या फटीतून. पहिल्या झाडावर कोतवाल बसला होता.

"काका, त्याले येऊ द्या," सुनिल म्हणाला. राग गेला नव्हता, पण डोकं चालत होतं. "कोणत्या झाडाले हात लागला ते त्यालेच माहीत. आपण दोघं शोधत बसलो तं दिस जाईन. अन् नुसते लोंबलेले काढून भागत नाई. त्या आठी झाडावरचे सारे काढा लागते. चांगले दिसते तेही."

"सारे?" रामाजी म्हणाला.

"सारे. साहेबानं सांगतलं होतं. आज चांगला दिसते, तो परवा लोंबते."

रामाजीने दगडावरचं फूल सरळ केलं. मग म्हणाला, "खड्डा खणाले ये. पुरायचं ते पूर. बाकी एकाही झाडाले हात लावू नोको. तुह्या बाकी झाडाचं मी पाहीन."

"तू? सदतीस झाडं? तुहे चाळीस हाये."

"किड्यानं झिंगे खाल्ले का?" रामाजी म्हणाला आणि चालू लागला.

खड्डा लटारूने एकट्याने खणला. दोन हात खोल, दीड हात रुंद. वरची एक वीत माती मऊ, खाली मुरूम. मुरमात सब्बल, म्हणजे पहार, टाळासारखी वाजते आणि हात बधिर होतो. पाऊण तास लागला. तळाला चुना टाकला.

मग आठ झाडं. सुनिलने जुन्या पिशव्या दिल्या, हातात घालायला. लटारू दोन दमांत चढला, फांदीफांदीवरून किडे काढून डब्यात टाकले, उतरला, खड्ड्यापर्यंत गेला, ओतला, चुना टाकला, परत आला. एका झाडाला तीन खेपा. तिसऱ्या झाडावर थोडेच उरले होते, बाकी सातांवर शंभरावर. निरोगी किडे घट्ट असतात, गार आणि जड. फांदीला असे धरून बसतात की ओढताना टकटक आवाज येतो. तो आवाज दुपारपर्यंत त्याच्या कानात राहिला.

तेराव्या झाडाच्या शेंड्याला एका किड्याने विणायला सुरुवात केली होती. दोन पानं जवळ ओढली होती आणि डहाळीला देठ बांधला होता. देठ म्हणजे कोशाची दोरी. ती वादळातही तुटत नाही. पानांच्या आत किडा डोकं इकडून तिकडे फिरवत होता, बारीक ओला धागा सोडत. तेराव्या झाडावर एकही लोंबला नव्हता. लटारू फांदीवर बसून राहिला. खाली सुनिल उभा होता, त्याला शेंडा दिसत नव्हता. हा एक ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं.

"भाऊ, काय झालं?" सुनिलने विचारलं.

"काही नाई," लटारू म्हणाला आणि डहाळी देठासकट तोडली.

खड्डा भरला तेव्हा माती वर उंचवटा करून राहिली. त्याने ती पायाने दाबली, वर काट्या टाकल्या. सातशेवर किडे. मग तो कुणी न सांगता नाल्यापलीकडे गेला. बावीस ऐनांखालचं झुडूप कोयत्याने तोडलं, मुंगळ्यांच्या रांगा राखेने बुजवल्या. सुनिलने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून सगळे किडे डहाळ्यांसकट तिकडे नेले. लटारू त्याच्या पुढे चालत काटे बाजूला करायचा. डहाळ्यांना हात लावायचा नाही.

त्यानंतरचे नऊ दिवस लटारूने आपल्याच झाडांखाली पाहुण्यासारखे काढले. गुलेर मारायची मुभा होती. झाडाला हात लावायची नव्हती. रामाजी आपली चाळीस आणि लटारूची सदतीस, सत्त्याहत्तर झाडं पाहत होता. सत्तरीतल्या माणसाला हे काम दिवसभर झेपत नाही. लटारूला ते त्याच्या पायांवरून दिसायचं. दुपारनंतर रामाजी पाऊल उचलत नव्हता, ओढत होता. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. कावळा डावीकडून आला तर त्याला दिसायचा नाही. लटारू डावीकडेच उभा राहायला लागला.

"रामाजी, सतराव्यावर पाने सरले."

"दिसते मले."

"अन् एकविसाव्यावरही..."

"तू झाड राखून राह्यला का मले?" रामाजी वरून म्हणाला. "एवढी नजर बुधवारी कुठी गेली होती तुही?"

लटारूने एक कावळा उडवला. मग पंधरा मिनिटांनी पुन्हा म्हणाला, "एकविसाव्यावर, रामाजी."

"जाऊन राह्यलो गा!"

तिसऱ्या दिवशी सुनिल सकाळी आपल्या जुन्या झाडांवर राहिलेले किडे शोधायला गेला आणि मधल्या पट्टीला लागून असलेल्या झाडावर दोन लोंबलेले सापडले. त्याने ते चिमट्याने काढले. चुन्याचा डबा घेतला आणि नाल्याकडे गेला. त्या दिवशी भाकर खाताना तो लटारूकडे पाठ करून बसला. लटारूने भाकर बांधून तशीच परत नेली. वच्छलाने फडकं सोडून पाहिलं आणि भाकर चुलीपाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी काही लोंबलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पण शनिवारच्या अनुभवाने लटारूचा भरवसा गेला होता. पाचवा दिवस येईपर्यंत तो मोजत राहिला. पाचवाही गेला. सहावा गेला. सुनिल नाल्यापलीकडून ओरडला, "भाऊ, विणून राह्यले! तीस-चाळीस तरी!" तेव्हा लटारू खाली बसला.

लटारूच्या झाडांवरही किडे विणू लागले. सगळीकडे नाही. छत्तीस आणि सदतीस या दोन झाडांवर शेवटच्या दिवसांत वीसेक लोंबले. तिथवर रोग कसा गेला ते कुणाला कळलं नाही, रामाजीनेच ती झाडं साफ केली. बाकी झाडांवर दोन-तीन दिवसांत पानं दुमडत गेली आणि ऐनाच्या फांद्यांवर फिकट पिवळी, राखाडी बोंडं लागल्यासारखी दिसू लागली.

कोसा पक्का व्हायला आठवडा द्यावा लागतो. मग तो देठासकट कापतात. तोडणीला नियम नव्हता, किडे सगळे आत गेले होते. लटारू आपल्या झाडांवर स्वतः चढला. दोन दम.

तोडणी झाली की तिघांची एक जुनी रीत आहे. रामाजीच्या अंगणात तिघांचे कोसे तीन ढिगांत ओततात. रामाजी प्रत्येक ढिगातून मोठे, जड, टणक कोसे बाजूला काढतो. ते पुढच्या वर्षीचं बी. त्यांच्या माळा करून घरात सावलीला टांगतात. मिरगात त्यातून पाखरं निघतात, अंडी देतात, पावसाळ्यात थोडे किडे बियाण्यापुरते वाढतात आणि गणपतीला पुन्हा सगळं सुरू होतं. बाकी कोसे वाफेवर धरून आतला जीव मारतात आणि धाग्याला देतात.

रामाजीने आपले निवडले. सुनिलचे निवडले. मग लटारूच्या ढिगाकडे सरकला आणि एक कोसा उचलून कानाशी हलवला. आतला किडा जड वाजला. चांगला होता.

"राहू दे," लटारू म्हणाला.

रामाजीने कोसा हातातच धरला. "चांगला हाये."

"दिसते चांगला. सातशे पुरले तेही चांगलेच दिसत होते. अंड्यातून रोग जाते म्हणते. सुनिल, साहेबानं सांगतलं होतं ना?"

सुनिलने मान हलवली.

"माहं बी नोको," लटारू म्हणाला. "तुमाले नोको अन् मलेही नोको. माहे सारेच वाफेवर जातीन."

रामाजीची सून आतून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली.

"मंग मिरगात झाडावर काय चढवशील?" रामाजीने विचारलं.

लटारूला हे तीन दिवसांपासून पाठ होतं, तरी तोंडातून निघायला वेळ लागला. "तू दिलं तं तुहं. नाई तं जाळं हाये."

रामाजीने तो कोसा परत ढिगात टाकला. आपल्या माळांकडे पाहिलं, मोजल्यासारखं. "मिरगाले अजून लय दिस हाये."

"देशील का?"

"पाहू."

"पाहू म्हंजे..."

"पाहू म्हणलं ना," रामाजी म्हणाला. "चहा पे. थंडा होऊन राह्यला."

लटारूने चहा प्यायला. आपला ढीग दोन टोपल्यांत भरला. एक डोक्यावर, एक काखेत. घरी वच्छलाने चूल पेटवून पाण्याचा मोठा गंज चढवला होता. पाणी उकळायला लागलं तेव्हा त्याने गंजाच्या तोंडावर टोपली ठेवली, झाकण घातलं, वर पाटा ठेवला. एका घाण्याला तासभर. घाणे चार. लाकडं कमी पडली म्हणून वच्छला शेजारून एक भारा घेऊन आली.

चौथ्या घाण्याआधी तिने टोपलीतला एक कोसा उचलला. सगळ्यांत मोठा होता. तिने तो त्याच्याकडे धरला.

"नाई," लटारू म्हणाला.

तिने तो टोपलीत टाकला. त्याने झाकण घातलं आणि पाटा नीट बसला आहे की नाही ते दोनदा दाबून पाहिलं.